मामाची शिफारस

धाकटीला दोन्ही लॉ कॉलेजांत प्रवेश मिळाल्याची बातमी घरात आली, तेव्हा तिच्या आईने पदराने डोळे पुसले, शेजारच्या काकू तोंडभरून कौतुक करून गेल्या आणि तिच्या वडिलांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

वास्तविक बातमीत शंका घेण्यासारखे काही नव्हते. दोन्ही कॉलेजे नावाजलेली होती. एक टेकडीवरचे, जुने, दगडी. देशातले निम्मे न्यायाधीश आमच्याकडूनच बाहेर पडले, असे तिथले माजी विद्यार्थी सांगत. दुसरे नदीकाठचे, काचेचे आणि त्या मानाने नवे. उरलेले निम्मे आता आमच्याकडून येतील, असे तिथले आजी विद्यार्थी सांगत. मुलगी हुशार होती, अभ्यासही तिने डोळ्यांदेखत केला होता. वडिलांना खटकली ती वेगळीच गोष्ट. बातमी येऊन चहा व्हायच्या आत मामाचा फोन आला, आणि कोणी काही विचारलेले नसताना मामाने निकाल देऊन टाकला, "टेकडीच. नदीकाठचं नावसुद्धा काढू नका."

न विचारता दिलेली शिफारस म्हणजे न मागता उघडून दिलेले दार. त्यामागे कोण उभे आहे हे पाहिल्याशिवाय वडील कधी आत शिरले नव्हते.

ते नोकरीतून निवृत्त झाले होते, स्वभावातून नव्हे. तंत्रनिकेतनातली पदविका घेऊन ते तरुणपणी सरकारी लिफ्ट तपासनीस म्हणून लागले आणि सगळी हयात शहरातल्या लिफ्ट तपासण्यात घालवली. कचेरीत त्यांना तपासनीस म्हणत, पुढे गल्लीही म्हणू लागली, आणि बायको रागावली म्हणजे तीही त्यांना त्याच नावाने हाक मारी. त्यांच्या कामाची एक ठरलेली पद्धत होती. तपासणीला कळवून जायचे नाही. इमारतीच्या मालकाचे बोलणे ऐकून घ्यायचे, पण त्याला काही विचारायचे नाही. लिफ्टमध्ये शिरल्यावर सर्वांत आधी धोक्याची घंटा दाबायची आणि कोण येते, येताना त्याच्या हातात किल्ली असते की तोंडात सबब, ते पाहायचे. मालक ज्या भागाची स्तुती करील तो भाग शेवटी बघायचा. ज्याविषयी तो गप्प राहील तिथे आधी विजेरीचा झोत टाकायचा. या पद्धतीमुळे त्यांच्या हद्दीत कधी अपघात झाला नाही, आणि याच पद्धतीमुळे त्यांना कोणी लग्नकार्याला मनापासून बोलावलेही नाही.

घरीही वेगळा कारभार नव्हता. घरात मागणी करायला बंदी नव्हती, फक्त मागणीची तपासणी होई. थोरलीला शाळेत असताना पोहायला शिकायचे होते. तलावाची खोली, पाणी बदलण्याची पद्धत, शिकवणाऱ्याचा अनुभव, खालच्या फरशीची घसरण, असे एकेक प्रश्न सुटत वडिलांचे समाधान झाले तेव्हा तलाव हंगामापुरता बंद झाला होता. थोरली आता सासरी होती आणि अजून तिला पोहता येत नव्हते. धाकटीने विज्ञान सोडून कायद्याकडे वळायचे ठरवले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर कित्येक आठवडे तिच्या कारणांवर वजने ठेवली गेली. एक कारण वाकले की दुसरे, दुसरे टिकले की त्यावर आणखी भार. ती त्या तपासणीत पास झाली खरी. मात्र त्यानंतर तिने घरात सरळ काही मागितल्याचे कोणाला आठवत नव्हते. वडिलांनी त्याचा अर्थ असा लावला होता की पोरगी समजूतदार झाली.

मामा हा बायकोचा धाकटा भाऊ, व्यवसायाने वकील, आणि टेकडीवरच्या कॉलेजातून शिकलेला. त्याचे आणि वडिलांचे वैर असे काही नव्हते. एकमेकांचे म्हणणे ऐकले की दोघांच्याही नाकाला मिरच्या झोंबत, इतकेच. मामाने पूर्वी त्यांना एका इमारतीत सातव्या मजल्यावरचे घर सुचवले होते आणि लिफ्टची तोंडभरून स्तुती केली होती. ती लिफ्ट वडिलांनी स्वतःच्या सहीने बंद केली, आणि घर तळमजल्यावर, दुसऱ्या गल्लीत घेतले. मामाने सुचवलेल्या दंतवैद्याने चांगला दात काढला होता. तेव्हापासून मामा ज्या दिशेला बोट दाखवील तिच्या उलट चालू लागले की माणूस सुखरूप घरी पोचतो, असा वडिलांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच हजर झाला. सोबत टेकडीवरच्या कॉलेजाची गुळगुळीत कागदाची पुस्तिका. तो खुर्चीत बसला नाही. उभ्यानेच बोलला, शर्टाच्या बाह्या सारख्या करत, समोर न्यायमूर्ती बसल्यासारखा. ग्रंथालय काय, परंपरा काय, भिंतींवरच्या तसबिरी काय. नदीकाठच्या कॉलेजाविषयी त्याने एकच वाक्य उच्चारले, ते म्हणजे तिथे काचा फार आहेत.

धाकटी कोपऱ्यात बसून नखे बघत होती. तिला काय वाटते असे वडिलांनी विचारले तेव्हा ती "बघू" म्हणाली. प्रवेश निश्चित करायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती, आणि वर्षभर ज्याच्यासाठी डोळे फोडून घेतले त्याविषयी पोरगी "बघू" म्हणते, हे वडिलांना पटेना.

मामा गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "तुझ्या भावाचं कुठंतरी पाणी मुरतंय."

"त्याचं कॉलेज आहे ते. त्याला अभिमान नसावा?"

"अभिमान असणारा माणूस एकदा सांगतो. हा काल फोनवर बोलला, आज घरी आला. उद्या बँड घेऊन येईल."

"तुम्हाला घड्याळानं बरोबर वेळ दाखवली तरी त्यात हेतू दिसतो," ती म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली.

पण वडिलांच्या शंकेला नुसता स्वभावाचा आधार नव्हता, पुरावाही होता. धाकटी गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात फोनवर बोले; ते पाणी घालायला म्हणून कुंड्यांपाशी गेले की बोलणे एकदम हवापाण्यावर येई. एकदा त्यांनी "नाही रे मामा, अजून जोरात सांग" एवढे स्पष्ट ऐकले होते. शिवाय गेले काही महिने ती दर मंगळवारी दुपारी ग्रंथालयात जाते असे सांगून बाहेर पडत असे, आणि परतताना तिच्या चपलांना लाल माती लागलेली असे. ग्रंथालयात फरशी होती आणि तिथपर्यंतचा रस्ता डांबरी होता. हे वडिलांनी स्वतः जाऊन पाहिले होते.

हे सगळे त्यांनी मनात शेजारी शेजारी मांडले. मामाला तिला टेकडीवरच का घालायचे आहे? तिथून बाहेर पडली की थेट आपल्या कचेरीत बसवून घ्यायला? की त्याच्या एखाद्या पक्षकाराचा मुलगा तिथे शिकतो आहे? लाल माती टेकडीवरचीच असणार. म्हणजे पोरीला आधीच तिथे नेऊन आणले आहे, कोणाला तरी भेटवले आहे, आणि आता आपल्या डोळ्यांवर पुस्तिकेचा गुळगुळीत कागद धरला आहे. पोरीच्या आयुष्याची पाच वर्षे दुसऱ्याच्या सोयीने ठरत होती आणि तिला "बघू" म्हणण्यापलीकडे तोंड उरले नव्हते. हे चालू द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आणि ठरवल्यावर ते नेहमी करत तेच त्यांनी केले. कोणाला न कळवता ते तपासणीला निघाले.

बुधवारी सकाळी ते टेकडी चढले. नापास करण्याच्या पूर्ण तयारीने चढले. पहिली निराशा अर्ध्या वाटेवरच झाली: टेकडीची माती पांढरट, चुनखडीची होती. त्यांनी बूट झटकून पुन्हा पाहिले. लाल कण औषधालाही नव्हता.

इमारतीत जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट होती. तिला पाहून त्यांना बरे वाटले. इतकी जुनी लिफ्ट काही ना काही हातात देतेच. त्यांनी आत शिरून जाळी ओढली आणि घंटा दाबली. पहिला टणत्कार विरायच्या आत जिन्यावरून पहारेकरी धावत आला. त्याच्या हातात किल्ली होती. "अडकलात का?" त्याने धापा टाकत विचारले. नाही म्हटल्यावर तो रागावला, आणि तो रागही खरा होता. वडिलांनी जाळीचे कुलूप, पाट्या, दोरखंडाला दिलेले ताजे वंगण पाहिले आणि मुकाट्याने जिना धरला.

ग्रंथालयात खुर्च्यांच्या पाठी घासून गुळगुळीत झाल्या होत्या आणि पुस्तकांच्या कडा बोटांनी काळवंडल्या होत्या. एका रिकाम्या वर्गात तास संपल्यावरही एक प्राध्यापिका एका विद्यार्थ्याला उभे करून त्याचाच युक्तिवाद त्याच्याकडून उलट बाजूने मांडून घेत होत्या. तो चुकला की त्या हसत आणि "पुन्हा" म्हणत. बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या एका मुलीला वडिलांनी विचारले की इथे वाईट काय आहे. तिने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि सुरुवात केली: खानावळ, वसतिगृहातले नळ, करारांचा कायदा शिकवणारे सर जे पुस्तकातून मान वर करत नाहीत, पहिल्या वर्षी येणारे रडू. ती थांबेचना. वडिलांना ते सर्वांत आवडले. जिथे दोष विचारताच सांगतात, तिथे निदान दडवलेले तरी काही नसते.

टेकडी उतरताना त्यांचे तोंड कडू झाले होते. मामा चूक ठरावा म्हणून ते एवढे चढले होते, आणि चढण वाया गेली होती.

गुरुवारी नदीकाठ. इथे दारातच त्यांच्या गळ्यात पाहुण्याचे ओळखपत्र अडकवण्यात आले आणि सोबत एक हसतमुख अधिकारी देण्यात आला. तो प्रत्येक काचेपाशी थांबून तिच्यातून काय दिसते ते सांगे. लिफ्टला आरसे होते आणि ती आवाज न करता वर जाई. अधिकाऱ्याचे लक्ष फोनकडे आहे असे पाहून वडिलांनी घंटा दाबली. छतातून एक गोड आवाज आला, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे, कृपया थांबा. ते थांबले. कोणी आले नाही. अधिकारी म्हणाला की ती यंत्रणा अतिशय आधुनिक आहे.

तळमजल्यावर एका दारावर भली मोठी पाटी होती: मोफत कायदा सल्ला केंद्र. दाराला कुलूप होते. काचेतून आत पाहिले तर खुर्च्यांवरची प्लास्टिकची वेष्टणेसुद्धा निघाली नव्हती. हे केंद्र कधी उघडे असते, असे वडिलांनी विचारले. पद्धतीप्रमाणे मालकाला विचारायचे नसते, पण त्यांना राहवले नाही. "नेहमीच," अधिकारी त्या कुलपासमोर उभा राहून म्हणाला.

वडिलांनी गळ्यातले ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिले. तपासणी संपली होती.

त्या संध्याकाळी ते कुंड्यांना पाणी घालत राहिले. मामाचे बरोबर होते, हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात वेगवेगळ्या प्रकारे म्हणून पाहिले आणि प्रत्येक वेळी ते घशात अडकले. लाल मातीचा आणि दबक्या फोनचा हिशेब लागत नव्हता तो नव्हताच. तरीही शिफारस कोणी केली यावर लिफ्टचा निकाल बदलत नसतो. मालक कितीही लबाड असो, ब्रेक लागत असेल तर लागतो असेच लिहावे लागते.

शुक्रवारी दुपारी मामा आला. पुढच्या खोलीत टेबलावर धाकटीचा लॅपटॉप उघडा होता. प्रवेश निश्चित करायचा तो एकदाच, आणि एकाच जागी. आई चहा घेऊन आली. मामाने कप उचलला, घसा साफ केला आणि टेकडीच्या परंपरेला हात घालणार, तोच वडील म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं बरोबर आहे. टेकडीच."

मामाचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

वडिलांनी तो थांबलेला कप पाहिला. मग मुलीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"म्हणजे, भाऊजी," मामा सावकाश म्हणाला, "तुम्ही नदीकाठचा विचार केलात ना नीट?"

"दोन्ही जागा बघून आलो. टेकडी सरस आहे. तुमचा शब्द न् शब्द खरा निघाला."

इतक्या वर्षांत मेव्हण्याच्या तोंडून असे वाक्य ऐकल्यावर मामाने ते चौकटीत घालून भिंतीवर लावायला हवे होते. त्याऐवजी तो घाम पुसू लागला. टेकडीवर ओल फार आहे, असे त्याला एकाएकी आठवले. वसतिगृह तर राहण्यासारखे नाही. आपल्या वेळचे प्राध्यापक आता राहिले नाहीत. परंपरा म्हटली तरी नुसत्या परंपरेला काय चाटायचे आहे? आणि नदीकाठी उजेड किती छान येतो, काचा असल्यामुळे.

वडील ऐकत होते. मालक स्वतःच्याच लिफ्टला नावे ठेवू लागला, असे त्यांच्या साऱ्या नोकरीत कधी घडले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

दारात उभ्या असलेल्या आईच्या मात्र आधी लक्षात आले. ती भावाला म्हणाली, "तू आता गप्प बस. तुला खोटं बोलता येत नाही, आणि आता तर खरंही बोलता येईना झालंय." मग मुलीकडे वळून, "काय ते तूच सांग."

धाकटीने लॅपटॉप अर्धा मिटला.

"मामाला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "टेकडीचा आग्रह धर म्हणून."

"का?"

"मला नदीकाठी जायचंय, म्हणून."

वडिलांच्या डोक्यात गेल्या चार दिवसांतले सगळे सुटे भाग आपापल्या जागी बसू लागले: न विचारता आलेला फोन, उभ्याने केलेले भाषण, अजून जोरात सांग. कट होता, यात त्यांची चूक झाली नव्हती. तो कोणाविरुद्ध आहे हे तेवढे त्यांना ओळखता आले नव्हते.

"मी नदीकाठ म्हटलं असतं तर तुम्ही नदीकाठ तपासलं असतं," ती खाली बघत म्हणाली. "एक कारण पडलं असतं, दुसरं वाकलं असतं, आणि मुदत संपली असती. ताईच्या पोहण्यासारखं. मामा टेकडी म्हणाला तर तुम्ही टेकडीच्या मागे लागाल आणि त्याच्यावरच्या रागानं तिला नापास कराल, असं वाटलं."

"मी रागानं कोणाला नापास करत नाही."

"ते मला आज कळलं, बाबा."

वडील उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. राग होता, पण तो कुठे ठेवावा हे ठरत नव्हते. मामावर ठेवला तर तो भाचीच्या शब्दाखातर आला होता. मुलीवर ठेवला तर तिने केले ते त्यांच्याच कामाच्या पद्धतीने केले होते. यंत्र कोणत्या बाजूला झुकते हे नीट पाहून तिने त्याप्रमाणे वजन ठेवले होते. आपल्या घरात सरळ मागून काही मिळत नाही, असे ती किती दिवसांपासून धरून चालली असेल? पोरगी समजूतदार झाली असे आपण ज्याला म्हणत होतो ते हेच होते काय? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि त्याचे उत्तर त्यांना तपासावेसे वाटले नाही.

ते परत आत आले आणि खुर्ची तिच्यासमोर ओढून बसले.

"लाल माती कुठली?"

ती दचकली. "कोर्टाच्या मागची. तिथं पत्र्याची शेड आहे. नदीकाठची मुलं मंगळवारी तिथं बसतात, मोफत सल्ल्याला. मी त्यांच्याबरोबर बसते."

"सल्ला केंद्र कॉलेजात आहे. मी पाहिलं. कुलूप होतं."

"कुलूपच असतं. तिथं जायला गेटवर ओळखपत्र मागतात, बाबा. ज्यांना सल्ला लागतो ती माणसं गेटवरूनच परत जायची. म्हणून मुलांनी शेड धरली."

"तो माणूस नेहमीच उघडं असतं म्हणाला."

"खोटं बोलला. तिथं अशी माणसं पुष्कळ आहेत." ती आता वर बघून बोलत होती. "लिफ्टची घंटा वाजवली तर कोणी येत नाही, तेही माहीत आहे. मी अडकले होते."

"किती वेळ?" वडिलांच्या तोंडून निघून गेले.

"भाऊजी," मामा कळवळून म्हणाला.

मग तिने सांगितले. शिवणकाम करणारी एक बाई शेडमध्ये आली होती. घरमालकाने तिच्या खोलीचे कुलूप बदलले होते आणि शिवणयंत्र आत अडकले होते. ती रडत नव्हती, फक्त हातातला चुरगळलेला कापडाचा तुकडा सरळ करत होती. मुले तिचे म्हणणे ऐकून घेऊन तिच्यासोबत पोलीस चौकीत गेली, तिथून घरमालकाकडे गेली, आणि दिवस मावळायच्या आत ते कुलूप उघडले. टेकडीवर कायदा नीट शिकवतात, हे तिला मान्य होते. तिथली मुले पाचव्या वर्षी पहिला पक्षकार बघतात, हेही तिने चौकशी करून काढले होते.

"तू त्यात काय केलंस?" वडिलांनी विचारले.

"काही नाही. मी तिची पिशवी धरली होती. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, यंत्र उचलायला."

वडिलांच्या जिभेवर प्रश्न रांगेने उभे होते: शेडला परवाना आहे का, मुलांवर देखरेख कोणाची, एका बाईच्या कुलपावरून पाच वर्षे ठरवायची का. प्रत्येक प्रश्न रास्त होता. प्रत्येक प्रश्न एक वजन होते, आणि ते एकेक करून ठेवत गेले तर हे कारणही कुठेतरी वाकेल, हे त्यांना ठाऊक होते. जगात न वाकणारे काही नसते. किती भाराला वाकते एवढेच कागदावर लिहायचे असते.

"माझं मत टेकडी," ते शेवटी म्हणाले. "जाऊन पाहिलंय. ते तुझ्या सांगण्यानं बदलणार नाही."

तिने मान हलवली. तिचा हात लॅपटॉपवरून खाली आला.

"पण शिकायला मी जाणार नाहीये."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे, परवानगी आहे?"

"परवानगी मागितलीस कुठं? कट केलास."

"मग आता मागते."

"मागू नकोस," वडील म्हणाले. "सांग."

तिने मामाकडे पाहिले. मामा कपातल्या गार चहात बघत होता. तिने आईकडे पाहिले. आई दाराला टेकून उभी होती आणि मदतीला यायचे तिचे काही लक्षण दिसत नव्हते.

"मी नदीकाठच्या कॉलेजला जाणार आहे," धाकटी म्हणाली. आवाज मध्येच थोडा चिरकला, पण वाक्य पुरे झाले. मग तिने लॅपटॉप उघडला आणि दोनदा वाचून बटण दाबले. वडील उठून तिच्या खांद्यावरून बघायला गेले नाहीत, याची नोंद घरातल्या सगळ्यांनी घेतली.

मामा निघाला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरले होते. बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला, "भाऊजी, जन्मात एकदा तुम्ही म्हणालात की माझं बरोबर आहे, आणि नेमका त्याच दिवशी मी खटला हरलो."

वडील हसले. हसता हसता त्यांना दिसले, की उंबरठ्यावर मामाची आणि धाकटीची नजरानजर झाली. क्षणभरच. मामाने भुवई किंचित उचलली, धाकटीने ओठ दाबले.

दार लागले. वडील तिथेच उभे राहिले. मामाचा कप ओठांपाशी थांबला होता तो जरा जास्तच बेताने थांबला होता काय? घाम खरा होता, पण उन्हातून आलेल्या माणसाला तो असतोच. आपण दोन्ही जागा पाहणार, मामावरचा राग बाजूला ठेवून खरा निकाल देणार, आणि मग सरळ सांगितलेल्या गोष्टीपुढे आपले काही चालणार नाही, एवढे जर कोणी आधीच ताडले असेल तर? भाची उद्याची वकील होती आणि मामा आजचा.

धाकटी कप गोळा करत होती. ते तिच्यापाशी गेले.

"आज जे झालं," त्यांनी विचारले, "तेही ठरवलेलं होतं का?"

तिने कप खाली ठेवले आणि त्यांच्याकडे सरळ पाहिले.

"नाही, बाबा."

पुढचा प्रश्न तयार होता. त्यामागचाही तयार होता. वडिलांनी तोंड उघडले, थोडा वेळ तसेच ठेवले आणि म्हणाले, "बरं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद पडला. ओले हात तसेच धरून बायको दारात आली आणि नवऱ्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळू लागली.

"नुसतं बरं?" तिने डोळे बारीक करून विचारले. "अहो, तुमच्या मनात आहे तरी काय?"